एकेचाळीस नंबरचा बिल्ला

पिंपरी,
बुधवार, ता. २० जानेवारी १९८२

जयसिंग यास,
सप्रेम जय भीम.

अक्षर ओळखलंस का? नसेल तर शेवटी सही बघ. बघून पत्र फाडावंसं वाटलं तर फाड, पण आधी पुढच्या चार ओळी वाच. त्यांत तुझी तारीफ आहे, आणि तारीफ फुकट जाऊ देणारा तू कधीच नव्हतास.

काल रुक्मिणीबाईंच्या खोलीत आम्ही चाळीतली वीस-बावीस माणसं मांडीला मांडी लावून बसलो होतो. चाळीत टीव्ही एकट्या त्यांचा, म्हणून कायदाही त्यांचाच. चपला ओळीत, पोरं पुढं, बिडीवाले दाराबाहेर. बातम्या संपल्या, ‘सातचा भोंगा’ मालिकेचा दुसरा भाग लागला आणि पडद्यावर तुझं नाव आलं. पहिल्या मंगळवारी मी उशिरा पोचलो होतो, त्यामुळे ते हुकलं होतं. मी ओरडलोच, “अहो, हा आमचा जयसिंग! माझा मेहुणा!” रुक्मिणीबाई म्हणाल्या, “मेव्हणा आसंल तर त्येलाच इच्यारा खून कुनी केला, आन् आत्ता गप बसा.” सख्ख्या भावाचं नाव टीव्हीवर आलं आणि भिमा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

काय लिहिलंयस रे! कंपनीत स्टोअरकीपरचा खून, तोही सातच्या भोंग्याच्या जरा आधी. गणपत कामगार दोन कार्डं पंच करतो, एक स्वतःचं आणि एक मित्राचं. मित्र विठू वीस मिनिटं उशिरा येतो, गेटवर वॉचमनच्या शिव्या खातो. आणि पोलीस गणपतला धरून नेतात. माझ्या मते खून त्या काळ्या चष्म्याच्या कंत्राटदारानं केलाय. रुक्मिणीबाईंचा संशय विठूवर. कारण विचारलं तर म्हणतात, “जो आर्धी भाकर दुसऱ्याला देतो आन् वर हासतो, त्येच्यावर माजा इस्वास न्हाई.” बाईंना रहस्यातलं काय कळतं?

दोन कार्डांचा प्रकार तू आपलाच उचललास, लबाडा. जो आधी पोचेल त्यानं दोघांची कार्डं मारायची, हा आपला करार. त्या दिवशी मोरवाडीपाशी माझी सायकल पंक्चर झाली नसती, तर तू पकडला गेला नसतास आणि नोकरीवरून निघालाही नसतास. नशिबापुढं कोणाचं चालतं?

एक चूक दाखवतो. विठूच्या डब्याशेजारी सायकलस्टँडचा पितळी बिल्ला पडलेला असतो, एकेचाळीस नंबरचा. तो एवढा वेळ कशाला दाखवला? कॅमेरावाल्याला डुलकी लागली होती काय?

पत्ता नाही म्हणून टीव्ही केंद्राच्या नावानं टाकतोय. भिमाला सांगितलेलं नाही. दोन ओळी लिही. अकरा वर्षं फार झाली.

तुझा आधी मित्र, मग मेहुणा,
साहेबराव


पिंपरी,
बुधवार, ता. ३ फेब्रुवारी १९८२

जयसिंग,

तुझं उत्तर नाही. टीव्हीवाल्यांकडे पोत्यांनी पत्रं येत असतील, त्यात माझं खाली गेलं असेल असं मी धरून चाललोय.

मधला मंगळवार सव्वीस जानेवारीत गेला आणि कालचा तिसरा भाग मी पाहिला नाही. माझी दुसरी पाळी. घरी आल्यावर भिमाला विचारलं, काय झालं आज? म्हणाली, “काही नाही. सायकलस्टँड दाखवला.” अर्धा तास नुसता सायकलस्टँड? “हो,” म्हणाली, “स्टँडवाला कसं काम करतो ते दाखवलं,” आणि कूस बदलली. एरवी ही बाई भाजीवालीशी झालेलं बोलणंही मला अथपासून इतिपर्यंत सांगते. कंपनीत विचारावं तर माझ्या पाळीतला कुणीच पाहत नाही. म्हणून तुलाच विचारतो, त्या सायकलस्टँडात काय होतं?

भिमाचं हल्ली काही खरं नाही. ट्रंकेची किल्ली इतकी वर्षं खिळ्याला असायची, ती आता कमरेला खोचून हिंडते. ट्रंकेत आहे काय, तर दोन लुगडी आणि माझे शाळेचे दाखले. मी चेष्टा केली की कुबेराची सून झालीस का, तर हसलीही नाही.

तिच्या मनातून तू गेलेला नाहीस, एवढं मला कळतं. आई गेल्यावर तिला माहेर म्हणून तूच उरला होतास. पोरीला बघायला तू झबलं-टोपडं घेऊन आलास, तेव्हा तिनं तुला दारातूनच परत पाठवलं. बाळंतपणानं चिडचिडी झाली होती. मी त्या दिवशी घरी नव्हतो, नाहीतर असं होऊ दिलं नसतं. तीच पोर आता अकरा वर्षांची आहे आणि वर्गात सांगते की ‘सातचा भोंगा’ माझ्या मामानं लिहिलाय. तिला तुझं तोंडही ठाऊक नाही.

मला एवढंच हवंय की तू एकदा घरी यावंस, भिमानं तुला ताट वाढावं आणि जुनं जुन्यात राहावं. जुनं उकरून कुणाचं भलं झालंय? माझा संसार नीट चाललाय. तो तसाच राहू दे.

खुनी कंत्राटदारच, या मतावर मी ठाम आहे.

साहेबराव


पिंपरी,
बुधवार, ता. १७ फेब्रुवारी १९८२

जयसिंग,

आज तारीफबिरीफ नाही. आज मी चिडलोय.

कालच्या पाचव्या भागात ती सेटरची जागा कशाला आणलीस? खुनाची गोष्ट चाललीय, ती नीट चालू दे. मध्येच दाखवतोस की खात्यात सेटरची एक बढतीची जागा रिकामी होती, यादीत गणपत वर होता, आणि गणपत तुरुंगात गेल्यावर ती विठूला मिळाली. आता खुनाशी याचा काय संबंध? मी सेटर झालो तो मशीनवरच्या हातामुळे झालो. आज चार्जमन आहे तोही त्याच हातामुळे. कंपनीत कुणालाही विचार.

आणि तो विठू हसताना तोंडापुढं हात धरतो. ही लकब कुणाची, हे चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सगळी मागं वळून माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो, आणि हसताना हात तोंडापुढं गेला, तशी आणखी हसली. भिमा तेवढी हसली नाही. ती पडद्याकडे बघत नव्हतीच. माझ्याकडे बघत होती.

रात्रभर विचार करून तुझ्यासाठी शेवट तयार केलाय. कंत्राटदार स्टोअरमधलं तांबं चोरत होता, स्टोअरकीपरनं पाहिलं, म्हणून त्यानं त्याला मारलं. गणपत सुटतो. तुरुंगाच्या दारात विठू उभा. दोघं एकमेकांना मिठी मारतात आणि भोंगा वाजतो. लोक टाळ्या वाजवतील. कामगार नाट्यस्पर्धेत आपण असेच शेवट करायचो आणि ढाल आणायचो, आठवतंय ना?

विठूला काही करू नकोस, जयसिंग. साधा माणूस आहे. चुकला असेल तर एखाद्या शब्दानं चुकला असेल. बायको पोटुशी असताना माणूस घाबरतो. असं काही तू दाखवलेलं नाहीस म्हणा, विठूचं घर तू अजून एकदाही दाखवलं नाहीस, पण असेलच ना त्याला घर.

शेवटचा भाग आधीच चित्रित झाला असेल तर माझं हे लिहिणं व्यर्थ आहे. नसेल झाला, तर बघ.

साहेबराव


पिंपरी,
बुधवार, ता. २४ फेब्रुवारी १९८२, दुपार

जयसिंग,

आज कामावर गेलो नाही. अकरा वर्षांत पहिला खाडा.

तुला माहीत होतं. काल संध्याकाळपासून हे तीनच शब्द माझ्या डोक्यात फिरताहेत. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

कालचा भाग शेवटचा. फौजदार सायकलस्टँडवाल्याला समोर उभं करतो. म्हातारा हुबेहूब आपल्या कोंडाजीसारखा, तीच टोपी, तारेत ओवलेली तीच बिल्ल्यांची माळ. म्हणतो, “मी बिल्ले एकापुढं एक देतो, साहेब. पाळी बदलली की परत एकपासून. एकेचाळीस आधी जातो, अठ्ठावन्न मागनं.” फौजदार विचारतो, गणपतचा कितवा? अठ्ठावन्न. तो कधी आला? सातला पाच कमी असताना. “मग एकेचाळीसवाला विठू सात वीसला आला म्हणतो, ते कसं?” म्हातारा म्हणतो, “त्यो तवा आला न्हाई. त्यो गनपतच्या आदीच आला हुता.”

सगळी खोली एकदम ओरडली. “आगं आई गं! विठू!” रुक्मिणीबाई उठून उभ्या राहिल्या. “म्या म्हनलं न्हवतं? म्या म्हनलं न्हवतं?” आपल्या कायद्याप्रमाणे टीव्ही लागल्यावर उभं राहायचं नसतं, हेही त्या विसरल्या.

मग पुढचं दृश्य आलं. खुनाच्याच दिवशी, पोलीस यायच्या आधी, चहाच्या सुट्टीत विठू खिशातून रुमाल काढतो, बिल्ला जमिनीवर पडतो. गणपत तो उचलतो, नंबर बघतो, स्वतःच्या खिशातला बघतो. मग म्हणतो, “तुझा बिल्ला, गड्या,” आणि विठूच्या हातात देतो.

हे असंच झालं होतं. त्या दिवशी साडेनऊला, ग्राइंडिंग खात्याच्या मागच्या बाकावर. तू बिल्ला उचलून दिलास, “तुझा बिल्ला, साहेबराव” म्हणालास आणि कपातला उरलेला चहा ओतून टाकलास. मला वाटलं चहा गार झाला असेल. इतकी वर्षं मी असंच धरून चाललो होतो, जयसिंग, की तुझा चहा गार झाला होता.

मग शेवट. फौजदार कोठडीत येऊन गणपतला विचारतो, तुला त्याच दिवशी कळलं होतं, मग बोलला का नाहीस? गणपत म्हणतो, “माझी बहीण त्याच्या घरी नांदतेय, साहेब. सातवा महिना चालू आहे. मी बोललो असतो तर ती कुठं गेली असती? त्यानं स्वतः बोलावं म्हणून थांबलो.” “अजून थांबणार आहेस?” फौजदार विचारतो. भोंगा वाजतो. संपलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बहीण! सहा भागांत कुठं बहिणीचं नाव नव्हतं. बाया डोळे पुसत होत्या. एकेक जण भिमाकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. भिमा उठली. ओळीतून आपली चप्पल काढली, पोरीचा हात धरला आणि निघाली.

घरी आल्यावर तिनं पोरीला शेजारी पाठवलं. मग कमरेची किल्ली सोडून माझ्यापुढं ठेवली. त्या किल्लीला एक पितळी बिल्ला अडकवलेला आहे. तो रोज खिळ्यावर माझ्या डोळ्यांसमोर लटकत होता. “वाचा,” भिमा म्हणाली. मी वाचला.

एकेचाळीस.

आता तुला सांगतो तो घरात कसा आला. त्या दिवशी सुटल्यावर मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून सायकल स्टँडातच ठेवून मागच्या गेटनं चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी कोंडाजीनं ओळखीवर सायकल दिली आणि बिल्ला मागायचा विसरला. भिमानं तो विजारीच्या खिशातून काढून किल्लीला बांधला, किल्ली हरवू नये म्हणून. तिनं विचारलंही होतं, हा कशाचा. मी म्हणालो, भंगारातला आहे. नंबर मी कधी पाहिलाच नाही.

“दुसऱ्या भागात टीव्हीवर नंबर दिसला,” भिमा म्हणाली, “तेव्हा वाटलं, असतात सारखे नंबर. तिसऱ्या भागात स्टँडवाला बिल्ले कसे देतो ते दाखवलं. त्या दिवशी समजलं. तीन आठवडे थांबलेय मी, तुम्ही सांगाल म्हणून.” मग तिनं विचारलं, “पंक्चर काढायला किती वेळ लागला होता?”

मी तिला जे सांगितलं तेच तुला लिहितो. आता एक अक्षर लपवत नाही.

पंक्चर झालं नव्हतं. आदल्या दिवशी मी टाइम ऑफिसात जाऊन सांगितलं होतं की जयसिंग दुसऱ्याचं कार्ड मारतो, उद्या सकाळी लक्ष ठेवा. सकाळी साडेसहाला येऊन सायकल लावली, बिल्ला खिशात घातला आणि चहाच्या टपरीमागं उभा राहिलो. तू घाईघाईनं आलास. मी आत आलेलो नाही असं बघून कराराप्रमाणे कार्ड मारलंस. टाइमकीपरनं मला नंतर सांगितलं की भोंग्याला अर्धा मिनिट उरला होता आणि तू आधी माझं कार्ड मारलंस, मग तुझं. हे त्यानं हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो, तोंडापुढं हात धरून.

सेटरची एकच जागा होती. यादीत तुझं नाव वर होतं, माझं खाली. बस्स, एवढंच कारण. माझ्या घरी मूल येणार होतं हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय, पण तुझीही लग्नाची बोलणी चालली होती आणि ती नोकरीबरोबर मोडली, हेही मला ठाऊक होतं. चौकशीत साहेबानं विचारलं, तुम्ही याला कार्ड मारायला सांगितलं होतं का? मी म्हणालो, “नाही साहेब. त्यानं का मारलं, ठाऊक नाही.” तू माझ्याकडे पाहिलंस. तेव्हा मला वाटलं, तू विनवतोयस. तू वाट बघत होतास.

आणि झबल्या-टोपड्याच्या दिवशी मी घरी होतो. दाराआड उभा होतो. भिमाला मीच पढवून ठेवलं होतं की तुझ्या नादानं माझी नोकरी जाणार होती, पोर जन्माआधीच उपाशी मेली असती, असल्या भावाला घरात घेऊ नकोस. तिनं ते झबलं-टोपडं उंबऱ्यावरूनच परत दिलं. तू म्हणालास, “बाळाला नुसतं बघू दे, आत येत नाही.” ती रडत होती आणि मी दाराआडून तिला मानेनं नको म्हणत होतो. माझ्या सगळ्या करणीत ही सगळ्यांत वाईट.

तिनं आदळआपट केली नाही. तशी केली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “माझ्या हातानं परत करायला लावलंत.” तेव्हापासून बोलत नाही. स्वयंपाक केला, ताट वाढलं, आणि पोरीला जवळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तू अकरा वर्षांपूर्वी जे वाचवलंस ते आज राहतंय की जातंय, मला सांगता येत नाही. राहावं असं मला वाटतं, पण तसं म्हणायला माझ्याकडे तोंड नाही.

पाच आठवडे मी तुला पत्रांतून खुनी कोण ते समजावत होतो. काय म्हणत असशील रे तू मला! वाचत होतास की नाही, देव जाणे.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव तसा आहे, आणि मग मी पुन्हा सुटेन. कंपनीला हेच सगळं लिहून देणार आहे. अकरा वर्षांनी त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

हे पत्र मी टपालात टाकत नाही. भिमाच्या हातात देतोय. आधी तिनं वाचावं. मग पाठवायचं की चुलीत घालायचं, तिनं ठरवावं.

साहेबराव


दादा,

मी भिमा. प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकले, चुका पोटात घाल.

यांचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. टपालात टाकत नाही, उद्या सकाळी मीच घेऊन येते. तुझा पत्ता आहे माझ्याकडे. दर चौदा एप्रिलला तुझं कार्ड येतं, ते मी यांना कधी दाखवलं नाही. उत्तर दिलं नाही, पण फाडलंही नाही. ट्रंकेत लुगड्याखाली अकराच्या अकरा आहेत.

परत इथं कधी येईन ते ठरवलेलं नाही. हे एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायला येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

लेकीला आणतेय. तिला मामा बघायचाय. मला तुझ्यासमोर तोंडानं काही बोलता येणार नाही, म्हणून इथं लिहिलं. हे पान आधी वाच आणि मग दार उघड.

मला उंबऱ्यावरून परत पाठवलंस तरी चालेल. तेवढं लेकीला नुसतं बघ.

तुझी,
भिमा